शेवटचं गाणं आणि डोंबिवली फास्ट

डोंबिवलीत अभिजात संगीतावर प्रेम करायला धाडस लागत नाही. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर नटूनथटून उभं राहिलं आणि सावित्रीबाई फुले नाट्यमंदिरातल्या मैफलीत योग्य जागी मान हलवली, की अख्खं गाव तुम्हाला रसिक म्हणायला तयार असतं. हार्ड रॉकवाल्याचं तसं नाही. त्यानं हे प्रेम दोन खोल्यांच्या घरात, वडिलांची दुपारची झोप सांभाळत, वॉकमनच्या एकाच चालू कानातून केलेलं असतं. म्हणूनच ते इतकं चिवट असतं.

हा गृहस्थ आज पंचावन्नच्या आसपास असतो; बँकेत किंवा विमा कंपनीत. केस गेलेत, पण ‘गेले’ म्हणायचं नाही. ‘नोकरीच्या इंटरव्ह्यूसाठी कापले’ म्हणायचं. फॅशन स्ट्रीटवर घासाघीस करून घेतलेला काळा टी-शर्ट आता राखाडी झालाय आणि पंखे पुसायच्या फडक्यांतून त्याची दोनदा सुटका झालीय. सोसायटीतली पोरं त्याला ‘मेटल काका’ म्हणतात. तो दर वेळी जिन्यात थांबून दुरुस्ती करतो, “मेटल नव्हे रे, हार्ड रॉक!” पोरांना फरक कळत नाही. बायकोला नेमका कळतो: हार्ड रॉक लागलं की कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत, मेटल लागलं की कुकर लावलाय हेच विसरायला होतं.

त्याचं दैवत म्हणजे १९८४ साली मुंबईत सुरू झालेला रॉक मशीन हा बँड. गायकीच्या घराण्याची परंपरा सांगावी तशी तो नावं घेतो: गळा उदय बेनेगलचा, गिटार महेश तिनईकर आणि जयेश गांधीची, कीबोर्ड झुबिन बालापोरियाचा, बेस मार्क सेल्विनचा, ड्रम्स मार्क मेनेझिसचे. तिनईकरांपाशी जरा थांबतो. “आडनाव बघा,” एवढंच म्हणतो आणि तुमच्या चेहऱ्यावर अभिमान उमटायची वाट पाहतो. कॉलेजची पोरं परदेशी गाण्यांच्या हुबेहूब नकलांवर खूश असताना या मंडळींनी स्वतःची गाणी रेटून वाजवली आणि १९८८ साली ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा अल्बम काढला, हे सांगताना त्याचा आवाज किंचित जड होतो.

१९९३ साली बँडनं नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं. ते याला अजून पचलेलं नाही. पुढे तीनेक वर्षांत बॉम्बेचं मुंबई झालं, व्हीटीचं सीएसटी झालं. त्यातलं मुंबई तेवढं त्यानं लगेच मान्य केलं. स्टेशन आणि बँड त्याच्या तोंडी अजून जुन्या नावांनीच आहेत. १९९७ मध्ये बँड फुटला, २०१० मध्ये पुन्हा जमला, २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम आला. मधल्या तेरा वर्षांत यानं लग्न, मुलगी, प्रमोशन, एका फ्लॅटचं बुकिंग आणि ते रद्द करणं, एवढं सगळं उरकलं, पण विचारलंत तर सांगेल, “मधे काही विशेष घडलं नाही.”

धोबीतलावचं रंगभवन हे खुलं नाट्यगृह म्हणजे त्याचं पंढरपूर. तिथला ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव १९८६ पासूनचा, पंधरा ऑगस्टच्या आगेमागे, भर पावसाळ्यात, उघड्यावर. त्याच्या मते तिथल्यासारखा साउंड जगात कुठं नाही. खोदून विचारलं की खरं कारण निघतं: तिथून व्हीटी चालत गाठता येतं. पुढे आसपासच्या इस्पितळांमुळे आणि कॉलेजमुळे तो भाग शांतता क्षेत्र ठरला आणि रंगभवनातल्या गिटारी थंडावल्या. ही हळहळ तो गल्लीतल्या मिरवणुकीच्या डीजेसमोर उभा राहून, ओरडून व्यक्त करतो.

व्हीटी जवळ हवी, कारण या माणसाचं रॉकशास्त्र मुळात रेल्वेच्या वेळापत्रकावर उभं आहे. ठाणेकर रॉकवाला वेळ पडली तर टॅक्सीचे पैसे मोजू शकतो, त्यामुळे तो निवांत असतो आणि डोंबिवलीकराला जरा कमीच लेखतो. कल्याणकराला आणखी दोन स्टेशनं पुढे जायचं असतं, म्हणून तो मुळातच उदास. डोंबिवलीकर मधला, सतत घड्याळाकडे बघणारा. २००८ साली बीकेसीत आयर्न मेडन आले, तेव्हा हा मैदानात उभा राहण्याची जागा स्टेजच्या नव्हे, गेटच्या हिशेबानं निवडत होता. २०१२ साली तिथंच गन्स एन’ रोझेस आले, तेही गिटारवादक स्लॅशशिवाय. गायक ॲक्सल रोझची उशिरा येण्याची ख्याती ऐकून बाकीचे धास्तावले होते. हा शांत होता. मध्य रेल्वेवर वाढलेल्या माणसाला कुणाच्याही उशिराचं काही वाटत नाही.

खरं तर आता कायद्यानंच उघड्यावरचे लाउडस्पीकर रात्री दहाला बंद होतात. शेवटची लोकल चुकायचं कारणच उरलेलं नाही. तरी पावणेदहाला त्याचे पाय आपोआप वळतात. “गर्दीच्या आधी निघू,” तो म्हणतो. परिणाम असा, की एवढे मोठमोठे बँड ‘लाइव्ह’ पाहिलेल्या या माणसानं एकाचंही शेवटचं गाणं ऐकलेलं नाही.

१७ मे २०२५ ला गन्स एन’ रोझेस महालक्ष्मी रेसकोर्सवर आले, या वेळी स्लॅशसकट. तो लेकीला घेऊन गेला. स्लॅशची टोपी दिसली तेव्हा त्याचे डोळे भरून आले, आणि तरीही वेळ झाल्यावर तो निघालाच. लेक म्हणाली, “बाबा, तुम्ही व्हा पुढे, मी मैत्रिणींबरोबर येते.” दादरचा पूल चढून त्यानं गाडी पकडली, ठाण्याला जागा मिळाली, घरी येऊन दहीभात खाल्ला.

लेक मध्यरात्रीनंतर घशाचं वाटोळं करून घरी आली आणि दारातच सांगू लागली, “बाबा, शेवटी काय वाजवलं माहितीये?”

“‘पॅराडाइज सिटी’ असणार,” हा म्हणाला. “ते राहू दे. गाडी कुठली मिळाली?”