बुटांसकट एक्क्याण्णव

पालीची, कुत्र्याची, अगदी सासऱ्यांचीही मला कधी भीती वाटली नाही. मी घाबरतो वजनकाट्याला. पूर्वी स्टेशनवरच्या काट्यातून वजन आणि भविष्य छापलेलं तिकीट यायचं, तेव्हासुद्धा मी फक्त भविष्य वाचायचो.

यंदा मात्र डॉक्टरांनी गाठलंच. डोळे मिटून, बुटांसकट चढलो. काटा 91 वर थांबला.

दोष आमच्या सराफ्याचा. इंदूरच्या या बाजारात दिवसा गुंजेगुंजेचं वजन होतं. रात्री सोनारांची दुकानं मिटली, की त्याच ओट्यांपुढे कढया चढतात आणि मग कुणी कुणाचं वजन विचारत नाही. भुट्ट्याचा कीस, थंडीत तळलेले गराडू, त्यावर जिरावण, शेवटी रबडी. सकाळी पोहे-जिलबी, कारण रात्रीचं सगळं रात्रीच संपलेलं असतं. 2017 पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलेलं हे शहर. ओलं आणि सुकं वेगळं ठेवायला लहान पोरंही शिकली. माझ्या पोटात मात्र रबडी आणि शेव एकत्रच.

"अहो, तो हिरवाणी बघा," ही म्हणाली. हिच्या माहेरी सगळे क्रिकेटवाले. नरेंद्र हिरवाणी गोरखपूरहून इंदूरला आला तो चांगला गुटगुटीत. नेहरू स्टेडियमच्या खोलीत राहिला, संजय जगदाळे सरांच्या हाताखाली घाम गाळला आणि जानेवारी 1988 मध्ये मद्रासला, पहिल्याच कसोटीत, रिचर्ड्सच्या वेस्ट इंडीजचे 16 बळी घेतले. धावा दिल्या 136. पदार्पणात 16 बळी त्याआधी फक्त बॉब मॅसीनं घेतले होते, 137 धावांत.

मी त्याच स्टेडियमभोवती चकरा सुरू केल्या. गुगली जमली नाही, पण कचोरीचा वास चुकवायला मान वळवणं जमलं. सराफ्यात आठवड्यातून एकदाच जायचं ठरवलं. (आठवडा कधी सुरू होतो, हे ठरवलं नव्हतं.)

महिन्यानं घरीच काटा आणला. अनवाणी, डोळे उघडे ठेवून चढलो. 90!

"एकच किलो?" ही म्हणाली.

"मॅसीपेक्षा हिरवाणीनं तरी किती कमी दिल्या? एकच!"

ही आत गेली, माझे बूट घेऊन आली आणि काट्यावर ठेवले.