नमुना अंक

वर्गणी न भरणारे वाचक तुम्हाला ठाऊकच आहेत. शेजारचा अंक ‘जरा चाळतो’ म्हणून नेणारे, स्टॉलवर उभ्याउभ्या राशिभविष्य उरकणारे, नंबर आला तरी ‘तुम्ही बसा आधी’ म्हणत सलूनमधलं मासिक न सोडणारे. आमच्या मजल्यावरचे नाना यांतले नव्हेत. नानांना वर्गणी भरायचीच आहे. गेली चाळीस वर्षं भरायचीच आहे. आपल्या आवडीला नेमकं जुळणारं मासिक सापडलं की झालं. तोवर नमुना अंक मागवायचे.

कांदेपोहे खाऊन ‘घरी विचारून कळवतो’ म्हणणारी मुलाकडची मंडळी असतात ना, त्यातलाच हा प्रकार. ‘आपल्या मासिकाविषयी बरेच ऐकून आहे. वर्गणी भरण्याचा विचार आहे. तरी कृपया एक नमुना अंक पाठवावा.’ हा मजकूर पूर्वी पोस्टकार्डावर जायचा, आता व्हॉट्सॲपवर जातो. शब्द एकही बदललेला नाही.

अंक आला की नाना पेन्सिल घेऊन बसतात. मार्चच्या अंकात मालकी जाहीर करणारा ‘फॉर्म ४’ छापलेला असायचा. तो वाचणारा पृथ्वीतलावरचा एकमेव माणूस आमच्या मजल्यावर राहतो. “हे बघ, मालक, मुद्रक, प्रकाशक, संपादक, सगळा एकच गृहस्थ! याला ताप आला की अंक बंद. आणि हा माझ्याकडे आजीव वर्गणी मागतो. अरे, यात जीव कुणाचा धरायचा? माझा की मासिकाचा?”

यावर मला कधी उत्तर सुचलेलं नाही. १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद पडलं तेव्हा भल्याभल्यांना सुचलं नव्हतं.

खरा ताप वेगळाच आहे. अंक आवडीला जुळतो का, हे पाहायचं तर आधी आवड हवी. नानांची आवड अंकागणिक येते आणि पुढचा नमुना येईपर्यंत टिकते. बागकामाचा नमुना आला त्या आठवड्यात त्यांनी काकूंच्या तुळशीला तांब्याची तार गुंडाळली. बोन्साय करायचं होतं. काकू पाणी घालायला गेल्या, आणि पुढचा संवाद जिन्यापर्यंत ऐकू आला. मग गृहसजावटीचा नमुना आला. एक भिंत पाडली की छोटं घरही ऐसपैस दिसतं, असं त्यात होतं. त्यांच्या घरात पाडण्याजोगी भिंत एकच, आणि तिच्या पलीकडे आमचा देव्हारा. नाना हातोडीने भिंत ‘फक्त ठोकून’ पाहत होते तेव्हा आमचा गणपती तीनदा हलला.

“नाना, भिंत आपल्या दोघांची आहे!”

“म्हणूनच म्हटलं, आधी नमुना बघू.”

पूर्वी निवडीचा हा घोळ नव्हता. नांगर बनवणाऱ्या किर्लोस्करवाडीतून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघालं, त्याचं पुढे ‘किर्लोस्कर’ झालं. १९३० मध्ये ‘स्त्री’ आलं, १९३४ मध्ये ‘मनोहर’. नानांच्या घरी तिन्ही यायची. वडिलांचं एक, आईचं एक, कॉलेजातल्या काकाचं एक. घरात अंक आधी यायचा, आवड मागाहून लागायची. नानांच्या नावचं मात्र काहीच नव्हतं. एकदा सोसायटीची वीज गेली असताना, अंधारात, त्यांनी हे सांगितलं. त्यांना ‘चांदोबा’ हवा होता. वडील म्हणाले, आधी एक आणू, नीट वाचतोस का बघू, मग वर्गणी. एक आला. त्यातल्या गोष्टीत राजपुत्र गुहेच्या तोंडाशी पोचला होता आणि खाली ‘क्रमशः’. पुढच्या महिन्यात वडिलांची बदली झाली, आणि सामानाच्या गडबडीत ‘चांदोबा’ राहून गेला.

“अजून बाहेरच उभा असेल बिचारा,” नाना म्हणाले. तेवढ्यात वीज आली आणि ते लगेच वीजबिलावर घसरले.

नानांना पंचाहत्तर पूर्ण झाली तेव्हा मी गुपचूप एका मासिकाची वर्षाची वर्गणी त्यांच्या नावाने भरली. चांगलं मासिक होतं. दरमहा कादंबरीचा एक भाग असायचा. पहिला अंक आला, नानांनी नमुना म्हणून वाचला. दुसरा आला. तिसरा आला तेव्हा ते अंक हलवत आमच्या दारात. “हे लोक माझ्या मागेच लागलेत रे! तीन-तीन नमुने! मी मागितलेसुद्धा नव्हते.” दिवाळी अंक आला तेव्हा तर त्यांनी पोस्टमनला चिवडा दिला. एवढा जाडजूड नमुना त्यांना जन्मात कुणी पाठवला नव्हता.

मी काही बोललो नाही. भिंतीचा राग होता, तो मात्र कुठेतरी उतरला होता.

गेल्या आठवड्यात बारावा अंक आला. सोबत चिठ्ठी: ‘आपली वर्गणी या अंकाबरोबर संपत आहे.’ नाना चष्मा कपाळावर ढकलून माझ्यासमोर बसले.

“न भरलेली वर्गणी संपते कशी रे?”

मी चहात साखर पुन्हा ढवळली. नानांनी चिठ्ठी उलटी करून पाहिली, मागे काहीच नव्हतं. मग ती घडी करून खिशात ठेवली, अंकाचं शेवटचं पान उघडलं आणि खालच्या ‘क्रमशः’वर बोट ठेवलं.

“दोनच भाग राहिलेत म्हणे. तेवढ्यापुरते दोन नमुना अंक मिळतील का?”