सर्व्हर कसा लावावा

साहित्य: माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर, नग एक. माळा नसेल तर पलंगाखालचाही चालतो. कोअर टू डुओ प्रोसेसर, २ जीबी रॅम, १६० जीबीची हार्ड डिस्क असा ऐवज असल्यास उत्तम. नावातला ‘टू’ मात्र चष्मा लावून वाचावा. नुसता ‘कोअर डुओ’ असेल तर तो ३२ बिटवाला, आणि २०२५ साली आलेल्या डेबियन १३ या लिनक्सपासून त्या पिढीसाठी इन्स्टॉलर मिळत नाही. शिवाय पेनड्राइव्ह एक, खोडरबर अर्धं, जुना टूथब्रश, तीन व्होल्टचा गोल सेल आणि स्क्रूड्रायव्हर. घरच्यांची परवानगी चवीपुरती.

कृती: कॉम्प्युटर माळ्यावरून उतरवताना घरात कोणी नसलेलं बरं. कोणी असल्यास “हा रद्दीवाल्याला द्यायचा होता ना?” हा प्रश्न येतो. त्यावर “सर्व्हर करतोय” असं सांगावं. मग “म्हणजे काय?” असं येतं, त्याचं उत्तर पाठ करून ठेवावं. सर्व्हर म्हणजे पंगतीतला वाढपी. मागेल त्याला मागेल ते आणून द्यायचं, स्वतः पानावर बसायचं नाही. म्हणून त्याला स्क्रीन, माउस असली ऐट लागत नाही. वाढप्याची उपमा आमच्या आईला पटली. पण “आपल्याकडे पंगत कुठेय?” असं तिने विचारलं, त्याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

कॅबिनेटची एक बाजू उघडावी. पंख्याखालच्या पट्ट्यांवर धुळीचा राखाडी थर दिसेल. तो सुटा सुटा नसतो, गोधडीच्या तुकड्यासारखा अख्खा निघतो. आमच्याकडे त्यात एक पालीचं अंडं आणि २००९ सालचं बसचं तिकीट सापडलं. तिकीट आत कसं गेलं याचा शोध घेऊ नये. मग रॅमच्या पट्ट्या काढून त्यांची सोनेरी कड खोडरबराने हलकेच घासावी. हसू नका. दुरुस्तीच्या कुठल्याही दुकानात पोऱ्या सगळ्यात आधी हेच करतो आणि बहुतेक वेळा पैसेही एवढ्याचेच घेतो.

गोल सेल बदलायला विसरू नये. तो संपलेला असला की यंत्राचं घड्याळ दर वेळी मागे जातं. आमचं यंत्र रोज सकाळी २००७ सालात उठायचं. माणसाचं असं झालं तर घरचे सांभाळून घेतात, इंटरनेट घेत नाही. संकेतस्थळांची आजची प्रमाणपत्रं यंत्राला अजून जन्मालाच न आलेली वाटतात आणि ते काहीही उतरवून घ्यायला नकार देतं. मी दोन रात्री वायरी तपासत बसलो होतो. दोष त्या नाण्याएवढ्या सेलचा होता.

आता यंत्र चालवायला लिनक्स कुठलं घ्यावं? मूळ गाभा १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने हौस म्हणून लिहिला. त्याभोवती आज इतकी घराणी उभी आहेत की गाण्यातली परवडली. मी डेबियनवाला. १९९३ साली इयान मर्डॉकने ते सुरू केलं, तेव्हा मैत्रीण डेब्रा (पुढे बायको) हिचं नाव पुढे आणि आपलं मागे असं जोडलं. घरात सर्व्हर ठेवू इच्छिणाऱ्याने हा क्रम ध्यानात ठेवावा. आवृत्त्यांची नावं ‘टॉय स्टोरी’ सिनेमातल्या पात्रांची. त्यातला खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा सिड, त्याचं नाव कायम अस्थिर असणाऱ्या शाखेला दिलंय. त्या शाखेच्या वाटेला आपण जाऊ नये.

पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर चढवताना ‘डीडी’ ही आज्ञा वापरली तर कुठे लिहायचं ते तीनदा पाहावं. एसडीए, एसडीबी, एसडीसी, फरक शेवटच्या एका अक्षराचा. “नक्की ना?” असं विचारण्याचा संस्कार डीडीवर झालेला नाही. माझ्या मावसभावाच्या मुंजीचे फोटो ज्या डिस्कवर होते, तिच्यावर आज डेबियनची एक अत्यंत शुद्ध प्रत आहे. हे त्याला अजून माहीत नाही.

पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करताना एफ टू, एफ ट्वेल्व्ह की डिलीट दाबायचं ते पडद्यावर दोन सेकंद दिसतं. जुन्या मॉनिटरला जाग यायला तीन लागतात. म्हणून पेटीवाल्यासारखी सगळ्या पट्ट्यांवर बोटं फिरवावीत. इन्स्टॉलर पहिल्यांदा भाषा विचारतो. यादीत मराठी आहे, बघून ऊर भरून येतो. तरी इंग्रजी निवडावी असं माझं दुःखद मत आहे. गाडी अडली की त्रुटीचा संदेश जसाच्या तसा शोधायचा असतो, आणि मराठीत अडलेले आपण बहुधा पहिलेच निघतो. पुढे यंत्राचं बारसं येतं. नावात देवनागरी चालत नाही. इंग्रजी अक्षरं, आकडे आणि मधे आडवी रेघ, बस. आमच्या वाढप्याचं नाव अर्थातच उडप्याच्या हॉटेलातून उचललं: अण्णा.

पुढे लॉगिन करताना पासवर्ड टाइप केला की पडद्यावर काहीच उमटणार नाही, ठिपकासुद्धा नाही. कीबोर्ड बिघडलेला नाही, तो उपटून झटकू नये. डिस्कची वाटणी विचारली की सगळं एकत्र कुटुंबात ठेवावं. शेवटी कुठली सॉफ्टवेअर हवीत याची यादी येते, तिथे मात्र सावध. डेस्कटॉपवर आधीच खूण असते. ती काढून, लांबून लॉगिन करू देणाऱ्या एसएसएच सर्व्हरवर करावी. खूण तशीच राहिली तर वाढप्याला शेरवानी घातल्यासारखं होतं, दोन जीबीत त्याला श्वासही घेता येत नाही.

पाऊण तासात काम संपतं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘लॉगिन’ आणि एक लुकलुकती रेघ. मागे उभे असलेले बाबा म्हणाले, “झालं? एवढंच?” त्यांना माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, चहा घेतोस का म्हणाले.

मॉनिटर आणि कीबोर्ड काढून यंत्र कोपऱ्यात ठेवल्यावर ते पुन्हा सुरू होत नाही. कारण आत ते म्हणत असतं: कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ वन दाबा. बायोसमध्ये ‘हॉल्ट ऑन’ हे कलम शोधून तिथे ‘नो एरर्स’ करावं.

इथे पुस्तकं थांबतात. खरी उभारणी इथून पुढे. सर्व्हरचं शील ‘अपटाइम’ या आज्ञेत असतं: न थांबता किती काळ चालू आहे. जगात लोक वर्षांच्या गोष्टी सांगतात. सुरुवातीला आमचा अण्णा सतरा तासांवर कधी गेला नाही, कारण बाबा रात्री साडेदहाला घरातली सगळी बटणं बंद करायचे. बटणावर चिकटपट्टी लावली, ती निघाली. ‘बंद करू नये’ असं लिहिलं, तर खाली बाबांनी पाकिटाच्या पाठीवर हिशेब करून चिकटवला: सत्तर वॉट गुणिले चोवीस तास गुणिले तीस दिवस, म्हणजे महिन्याला ५० युनिट. हिशेब बरोबर होता. “आणि हा रात्री करतो काय?” मी घरभर फायली वाटणाऱ्या सांबाबद्दल सांगितलं, त्यातून नाट्यसंगीत सगळ्या खोल्यांत ऐकता येतं. ते म्हणाले, “ते ऐकणारा मी एकटा, आणि रात्री मी झोपलेला असतो.”

मग डिसेंबर उजाडला. पुण्यात त्या महिन्यात दही लागत नाही, हे पुण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. एका संध्याकाळी अण्णाच्या डोक्यावर, फडक्यात गुंडाळलेलं स्टीलचं पातेलं दिसलं. जुन्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, वरच्या अंगाला असतो, पत्रा बारा महिने कोमट. झाकण काढून आईने पातेलं तिरकं केलं, दही जागचं हललं नाही.

त्या रात्री साडेदहाला बाबा नेहमीप्रमाणे बटणाकडे निघाले. आतून आवाज आला, “अहो, अण्णाला हात लावू नका, विरजण लावलंय.” पुढच्या गुरुवारी वीज गेली, दही पातळ राहिलं. शनिवारी बाबांनी स्वतः वायर ओढून अण्णाला इन्व्हर्टरवर घेतलं. ५० युनिटांचा विषय कोणी काढला नाही.

काल मी अपटाइम पाहिला: ९४ दिवस. आईला उत्साहाने सांगायला गेलो. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “असाच अजून एक जुना मिळेल का रे? इडलीचं पीठ मावत नाही त्याच्यावर.”