रेखांशाची कृपा

माझं माहेर पुण्याचं, आणि माहेरी मी सूर्यवंशी म्हणून प्रसिद्ध होते. लग्न होऊन भिलाईला आले आणि हळूहळू पहाटे उठणाऱ्यांत माझी गणना व्हायला लागली. याचं श्रेय सासरच्या शिस्तीला द्यायचं की भूगोलाला, हा आमच्या घरातला जुना वाद. मी भूगोलाच्या बाजूची. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून ठरते. भिलाई त्या रेषेच्या जेमतेम एक अंश पश्चिमेला, म्हणून इथला सूर्य घड्याळाच्या चार-पाच मिनिटंच मागे असतो. पुण्याचा पस्तीसेक मिनिटं मागे. एका अंशाला चार मिनिटं हे शाळेत सगळेच घोकतात, अंथरुणात पडून हिशेब कुणी मांडत नाही. पुण्यात ऊन उशीवर आलं की मी उठायची. इथेही ऊन उशीवर आल्यावरच उठत राहिले. अर्धा तास आपोआप पदरात पडला.

उरलेलं काम इथल्या पोलादाच्या प्लांटनं केलं. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथल्या पहिल्या झोतभट्टीचं उद्‌घाटन झालं. अशी भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत, आणि तिला खाऊ घालायला चोवीस तास माणसं लागतात. सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. फर्स्ट, सेकंड, नाइट. त्यामुळे भिलाईत पहाटे उठण्याला कुणी सद्गुण म्हणत नाही, ड्यूटी म्हणतात. पहाटे पाचला क्वार्टरमधला दिवा लागलेला दिसला तर शेजारी म्हणत, फर्स्ट लागलेली दिसते. आणि नऊ वाजता कुणी घोरत असला तरी त्याला आळशी म्हणायची सोय नव्हती, कारण तो नाइट करून आलेला असायचा. आमच्या रांगेतली मुलं सुटीच्या दिवशी क्रिकेट खेळायची ती कुजबुजत. आउट झालेल्याशी भांडणसुद्धा खालच्या पट्टीत.

लवकर उठणाऱ्याला ज्ञान, आरोग्य आणि संपत्ती मिळते असं आपल्याला लहानपणी सांगितलेलं असतं. उभा जन्म फर्स्ट शिफ्टला गेलेल्यांना विचारा. संपत्ती पीएफच्या रूपानं आली, आरोग्याचं सेक्टर नऊच्या हॉस्पिटलनं पाहिलं, आणि ज्ञान रोज सकाळी कट्ट्यावर फुकट वाटलं जातं. आमचे हे निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी साडेचारला टक्क जागे होतात आणि जायला कुठेच नाही म्हणून घड्याळावर रागावतात. शरीरातल्या या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघा अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. त्यांचं बरंचसं काम फळांवरच्या माश्यांवर झालेलं. ते घड्याळ पोरवयात मागे सरकतं आणि उतारवयात पुढे, असंही अभ्यासक सांगतात. म्हणजे पहाटे उठून नातवंडांना बोल लावणाऱ्या आजोबांचं कर्तृत्व नेमकं किती, ते आपणच ठरवावं.

मला सकाळ आवडायला लागली ती मात्र यांच्या निवृत्तीनंतर. तोवर ती डब्याची होती. पोळ्या, भाजी, थर्मास, 'माझा पास कुठाय?' आता पहाटे उठून काहीही करायचं नसतं आणि ते मी मन लावून करते. आल्याचा चहा, मागच्या अंगणात वेताची खुर्ची, पायाशी ओली माती. क्वार्टरला एक सुख असतं, ते म्हणजे पुढे-मागे थोडी जागा आणि आधीच्या कुणीतरी लावून ठेवलेली झाडं. आमचा पेरू असाच वारशानं आलेला. पोपट त्यातले अर्धे पेरू अर्धे खातात. मी आता हरकत घेत नाही. मे महिन्यात तर हे दोन तासच काय ते आपले. नऊनंतर कूलर, खसचा वास आणि बंद खिडक्या. डिसेंबरात गोरसीत, म्हणजे इथल्या शेगडीत, चार निखारे घालून शेकत बसायचं. भाजीवाली येते, लाल भाजी, चेच भाजी मांडते आणि विकण्याआधी विचारते, "का साग रांधबे ओ दीदी?" आज काय भाजी करणार, हा प्रश्न इथे नमस्काराच्या जागी चालतो. आधी मी खरंखुरं उत्तर द्यायची, कृतीसकट.

न्याहारीच्या बाबतीत मी पुणं पुष्कळसं सोडलंय. पोह्यांशेजारी जिलबी पाहून पहिल्यांदा धसकले होते, आता नुसते पोहे आले तर काहीतरी राहिलंसं वाटतं. रात्रीच्या उरलेल्या भाताला माझी आई सकाळी फोडणी द्यायची. इथे तो रात्रीच पाण्यात घालून ठेवतात आणि सकाळी कांदा, हिरवी मिरची, चटणीबरोबर खातात. ही बासी, किंवा बोरे-बासी. उन्हात राबणाऱ्यांचं हे पोटाला गार ठेवणारं अन्न. २०२२ मध्ये एक मेला, कामगार दिनी, राज्य सरकारनंच बोरे-बासी खायचं आवाहन केलं आणि मोठमोठे साहेब वाडगं हातात धरून फोटो काढून घेताना दिसले. इतकी वर्षं तिला कॅमेऱ्याशिवायच पचवत आलेल्यांनी ते कौतुकानं पाहिलं. आमच्याकडे त्या दिवशी सकाळी बासी आणि दुपारी महाराष्ट्र दिनाचं श्रीखंड असतं. दोन्हींवर झोप सारखीच येते.

मध्यंतरी पुण्याहून भाची आली होती. तिच्या फोनमध्ये पहाटेचं अख्खं वेळापत्रक: पाचला गार पाणी, सव्वापाचला ध्यान, मग कृतज्ञतेच्या तीन ओळी लिहायच्या. प्रत्येकापुढे खूण. एकही दिवस चुकला की साखळी तुटते म्हणे.

"आत्या, तुझं मॉर्निंग रूटीन काय?"

"चहा."

"आणि त्यानंतर?"

"यांचा चहा होतो, त्यातला उरलेला."

पहिल्या दिवशी तिनं ध्यान केलं. दुसऱ्या दिवशी पोपट मोजत बसली आणि ध्यानाची वेळ टळली. तिसऱ्या दिवशी फोन टुणटुणला, साखळी तुटल्याचं त्यानं कळवलं. तिनं तो पालथा ठेवला, कप पुढे केला आणि म्हणाली, "आज आलं कमी पडलंय का गं?"