फुकटच्या सवारीचा जमाखर्च

उत्रेख्त, नेदरलँड्स
दि. १० नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप नानांचे चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपले पत्र पावले. आम्ही येथे मोटार न ठेवता सहकुटुंब सायकलीवर फिरतो हे वाचून आपणांस संतोष झाला. परंतु त्याच पत्राच्या उत्तरार्धात, ‘सायकलीला ना पेट्रोल ना चारा, मग पगार जातो कोठे?’ अशी जी पृच्छा आपण तहशिलीतल्या अव्वल कारकुनाच्या शिरस्त्याने केली आहे, तिचा खुलासा केल्यावाचून क्षेमसमाचाराकडे वळणे ही अवज्ञा ठरेल. सबब जमाखर्च आधी, थंडीवाऱ्याची हकिकत मागाहून.

ऐन खरेदी ही या हिशेबातली सर्वांत क्षुल्लक बाब. वापरलेली परंतु धडधाकट सायकल येथे दीडशे युरोंत मिळते, आणि ती घरी आणण्यापूर्वीच दुकानदार तिच्या निम्म्या किमतीचे कुलूप आपल्या पुढ्यात ठेवतो. ज्या देशात माणसे पावणेदोन कोटींच्या वर आणि सायकली त्याहूनही अधिक, म्हणजे दोन कोटी तीस लाखांच्या पुढे, तेथे सायकल चोरण्याचे प्रयोजनच कोणास उरू नये, हा आपला तर्क शास्त्रशुद्ध असला तरी चोरांपर्यंत तो पोहोचलेला नाही. मागच्या हिवाळ्यात आपल्या सूनबाईंची सायकल भर दुपारी अंतर्धान पावली. विमा उतरवलेला होता. मात्र विमेवाल्यांचा नियम असा, की चोरीस गेलेल्या सायकलीच्या दोन्ही अस्सल किल्ल्या हजर कराव्यात, तेव्हाच सायकल खरोखर गेली असे मानण्यात येईल. एक किल्ली सूनबाईंच्या पर्समध्ये होती. दुसरी डाळीच्या डब्यात निघाली, आणि त्या शोधात वाया गेलेला रविवार कोणत्या सदरी घालावा, याविषयी आमच्या घरात अद्याप मतभेद आहेत. अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्यांतून तर दरसाल बारा ते पंधरा हजार सायकली यारीने उपसून काढाव्या लागतात. आपल्या गावच्या पद्मतीर्थ तळ्यात असा गाळ कोणाच्या ऐकिवात नसेल.

सायकल ठेवण्याच्या जागेस मात्र खर्च नाही. येथील रेल्वे स्थानकाखाली साडेबारा हजार सायकली मावतील असे तीन मजली तळघर २०१९ मध्ये पुरे झाले असून पहिले चोवीस तास तेथे छदामही पडत नाही; इतक्या सायकलींत आपली कोणती, हे ओळखण्याचा त्रास तेवढा ज्याचा त्याने सोसावयाचा.

खरी मेख दुरुस्तीत आहे. मागचे चाक पंक्चर झाले की दुकानात आधी वेळ ठरवून घ्यावी लागते, मिस्त्री ट्यूबला ठिगळ न लावता ती बदलूनच टाकतो, आणि वीस युरो घेतो. तेवढ्या पैशांत आपल्या गावच्या पाटणी चौकातला मिस्त्री अख्ख्या सायकलीचे ओव्हरहॉलिंग करून वर चहाही पाजील. कारण उघड आहे: आपल्याकडे वस्तू महाग आणि हात स्वस्त, येथे वस्तू स्वस्त आणि हात महाग. लोकांनी मोडके फेकून न देता दुरुस्त करून वापरावे म्हणून येथील सरकारने नव्या सायकलीवर एकवीस टक्के आणि दुरुस्तीवर अवघा नऊ टक्के कर ठेवला आहे. तरीही तो हात आम्हांस परवडत नाही. अखेर हे काम सूनबाईंनी स्वतःकडे घेतले. आईने दिलेल्या स्टीलच्या चमच्यांतले दोन घेऊन त्यांनी टायर रिमवरून उचलला, ट्यूब ओढून काढली, भांडी घासायच्या सिंकमध्ये पाणी भरून त्यात ती वीतवीत बुडवीत नेली, आणि बारीक बुडबुड्यांची माळ दिसताच तेथे बोट दाबून मला सोल्यूशन आणावयास फर्मावले. पंक्चर निघाले. चमचे मात्र कायमचे वाकले असून त्यांनी श्रीखंड वाढता येत नाही. या चमच्यांचा घसारा मी हिशेबात धरलेला आहे, हे आईस सांगावे.

आता नाना, थोडे आपल्या हिशेबाविषयी. आपली सायकल फुकट पडे असे आपण म्हणता, ते रोकडीपुरतेच खरे. आषाढात शेताकडच्या पांदण रस्त्याने जाताना मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये काळी माती अशी गच्च बसे, की चाक फिरेनासे होई. मग तुरीची काटकी घेऊन ती कोरीत बसावयाचे, दहा पावलांवर पुन्हा तेच, आणि शेवटी सायकल खांद्यावर घेऊन घर गाठावयाचे. उन्हाळ्यात चिखल नसे तर बाभळीचा काटा असे. या श्रमांची मजुरी आपण कोणत्याही वहीत टिपलेली नाही, आणि ज्या बाबीची नोंद नाही ती बाब घडलीच नाही, हे तत्त्व महसूल खात्यात चालत असले तरी घरच्या हिशेबात चालू नये.

कराचे म्हणाल, तर एके काळी नगरपालिका सायकलीवर कर घेत आणि पितळी बिल्ला देत, त्याची आठवण आपण नेहमी काढता. डच सरकार या विद्येत मागे नव्हते. १९२४ पासून येथे प्रत्येक सायकलस्वारास दरसाल कर भरून धातूचा बिल्ला लावावा लागे. बेकारांना तो विनामूल्य मिळे, परंतु त्यास मधोमध भोक पाडलेले असे, म्हणजे हा इसम फुकट्या आहे हे रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकास समजावे. इतकी क्रूर काटकसर आपल्या कोणा मुख्याधिकाऱ्यास सुचली नाही, याबद्दल वऱ्हाडाने देवाचे आभार मानावेत. जर्मनांनी देश बळकावल्यावर १९४१ मध्ये हा कर रद्द केला. आणि पुढे सायकलीच जप्त करून नेल्या. आजही फुटबॉलच्या सामन्यात जर्मन संघ समोर आला, की आमच्या आजोबांची सायकल परत करा, असे डच प्रेक्षक ओरडतात. वसुलीचा असा दीर्घ पाठपुरावा पाहून आपणांस खचितच धन्यता वाटेल.

आता पुन्हा हिशेबाकडे वळतो. ईव्हान इलिच नावाच्या एका विचारवंताने १९७४ च्या आपल्या ग्रंथात मोटारीचा हिशेब मांडला आहे. मोटार चालविण्यात आणि तिच्यासाठी पैसा मिळविण्यात अमेरिकन माणूस वर्षाचे सोळाशे तास घालवतो आणि त्या मोबदल्यात साडेसात हजार मैल जातो. भागाकार केला असता ताशी पाच मैलही पडत नाहीत! आपण कोरड्या पांदणीतून डबलसीट याहून वेगाने जात होता. ही रीत मी आमच्या सायकलीस लावून पाहिली. पैसा मिळविण्याचे तास थोडेच भरले, परंतु भाकरीच्या सदरात घोटाळा झाला. कारण येथे चढ नाही, पण वारा आहे, आणि तो जाताना व येताना दोन्ही वेळा समोरूनच येतो. समुद्राच्या बंधाऱ्यावर ऐन वादळात, बिनगिअरच्या साध्या सायकलींवर, समोरच्या वाऱ्याविरुद्ध शर्यत लावणारे हे लोक आहेत. अशा दिवशी कचेरीतून आल्यावर मी जादा खातो. आणि ज्वारीचे पीठ येथे बासमतीच्या भावाने मिळते.

जमेच्या बाजूस एकच रक्कम आहे, पण ती घसघशीत. कचेरीत येण्याजाण्याबद्दल दर किलोमीटरला तेवीस सेंटपर्यंत भत्ता करमुक्त देण्याची मुभा येथील सरकारने मालकांना दिली आहे, आणि तुम्ही मोटारीने आलात, सायकलीने की पायी, याची चौकशी त्यात नाही. मोटारवाल्याचे तेवीस सेंट पेट्रोलात जळतात, माझे बहुतांश शिल्लक राहतात. कुलूप, ट्यूब, रेनकोट, चमचे आणि भाकरी वजा जाता सायकल मला वर्षाकाठी थोडेफार मिळवूनच देते. तेव्हा पगार कोठे जातो या प्रश्नाचे उत्तर घरभाड्याच्या वहीत शोधावे लागेल. ती वही पुढील टपालाने पाठवीन.

तूर्त एक प्रकरण आपल्याकडे निकालार्थ धाडीत आहे. हा हिशेब टेबलावर पाहून आपल्या नातीने, मीही शाळेत सायकलीनेच जाते, सबब मलाही दर किलोमीटरला तेवीस सेंट मिळावेत, असा लेखी अर्ज मजकडे केला आहे. मूळ अर्ज सोबत जोडला आहे. मी यात हितसंबंधी पक्ष असल्याने अभिप्राय दिलेला नाही. अर्जावर तारीख नाही आणि किलोमीटरही वाढवून लिहिलेले दिसतात. परंतु अर्जदाराची मागणी मागील जून महिन्यापासूनच्या थकबाकीसह आहे, हे आपल्या नजरेस आणून देणे कर्तव्य समजतो.

ती. सौ. आईस साष्टांग नमस्कार. लोभ असावा.

आपला आज्ञाधारक,
बंडू