अर्धी भाकरी परत

रविवारी भाची जेवायला आली होती. वय 22, पुण्यात नोकरी. माझ्या आईने नातीसाठी ज्वारीच्या भाकऱ्या थापल्या होत्या. सोबत मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी आणि लोण्याचा गोळा. पोरीने फोन काढला, ॲपमध्ये एकेक पदार्थ नोंदवला, आकड्याकडे पाहिलं आणि भाकरी मधोमध मोडून अर्धी टोपलीत परत ठेवली. लोणी ताटाच्या कडेला सरकवलं. "आजी, माझे बाराशेच्या वर जातायत गं."

हे बाराशे तिला कुणी ठरवून दिले? डॉक्टरांनी नाही. रीलमधल्या एका बाईने दिले. भाचीचं वजन, रक्त, पाळी, झोप यांतलं काहीही त्या बाईला ठाऊक नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा हिशेब वेगळा आहे. 55 किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला सुमारे 1,660 कॅलरी लागतात, मध्यम कष्ट असतील तर 2,130. आणि नोकरी करून घरी ओटा सांभाळणारी बाई नुसती बसलेली असते कधी? वजन खरंच उतरवायचं असेल, तर आहारतज्ज्ञ आधी तपासतो, मग तिच्यापुरता आकडा ठरवतो. रीलमध्ये मात्र वीस वर्षांची मुलगी आणि अंगावर पाजणारी आई, दोघींना एकच माप.

मला खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. हे काही नवं नाही. बाईने कमी खावं हा जुनाच हुकूम आहे. आधी तो घर द्यायचं, आता फोन देतो. आधी सगळ्यांची पानं झाल्यावर उरलंसुरलं पुढ्यात यायचं, आता उपाशी राहिलं की 'डिसिप्लिन' म्हणून पाठ थोपटतात. भाचीने परत ठेवलेली अर्धी भाकरी रात्री आईनेच खाल्ली, दुधात कुस्करून. "वाया कशाला घालवायची?" म्हणाली. आई जन्मभर सगळ्यांच्या मागून जेवली, नात आता मोजून जेवते. पोट दोघींचंही अर्धंच.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 54 बायकांना रक्तक्षय होता. त्याआधीच्या फेरीत 48 होत्या. हा काही रीलचा प्रताप नव्हे, ही आपल्या घराघरातली जुनी कमाई आहे. पाळीत रक्त जातं म्हणून बाईला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला 19. जिला जास्त हवं, तिच्याच पानातून भाकरी काढून घ्यायची, याला आरोग्य म्हणायचं?

लंडनच्या दोन संशोधिकांनी 'हेल्दी फूड'ची खाती बघणाऱ्या 680 जणांची पाहणी 2017 मध्ये प्रसिद्ध केली. इन्स्टाग्रामचा वापर जितका जास्त, तितकी ऑर्थोरेक्सियाची लक्षणं जास्त दिसली. ऑर्थोरेक्सिया म्हणजे 'शुद्ध' खाण्याचा ध्यास इतका, की लग्नाच्या पंगतीत बसायचीही भीती वाटावी. एका पाहणीवरून कारण सिद्ध होत नाही, पण धोक्याची घंटा ऐकू यायला तेवढी पुरेशी आहे.

फोनवर सगळंच वाईट असतं असं नाही. साखर कमी करा, प्रथिनं वाढवा, पाळीच्या तक्रारी अंगावर काढू नका, हे तळमळीने सांगणारे डॉक्टरही तिथेच भेटतात. मग ओळखायचं कसं? ऑगस्ट 2023 मध्ये केंद्र सरकारने नियम काढलेत. आरोग्यावर बोलणाऱ्या डॉक्टरांनी, तज्ज्ञांनी आपली पात्रता सांगायची. बाकीच्यांनी आपला सल्ला डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेत नाही, हे स्पष्ट करायचं. पुढचं रील बघाल तेव्हा एवढं शोधा. यातलं काहीच दिसलं नाही, तर बोट वर सरकवा.

पोरींनो, किन्वा आणि ॲव्होकाडोवाचून तुमचं काही अडलेलं नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. उसळीवर लिंबू पिळलं, जेवणाला लागून चहा टाळला, तर त्याच जेवणातलं लोह जास्त अंगी लागतं. पाळी चुकायला लागली, जिना चढताना धाप लागली, तर नवं डाएट शोधू नका. डॉक्टरांकडे जा, हिमोग्लोबिन तपासून घ्या.

आणि घरातल्या बाकीच्यांनो, आज रात्री एवढं करा. तिचं पान आधी वाढा. शेजारी बसा. ती अख्खी भाकरी खाईल तेव्हा तिच्या वजनाबद्दल एक शब्दही बोलू नका.