मोकळा वार बुधवार

रेसिडेन्सीला मुंबई मिळाली, तेव्हा आमच्या लातूरच्या घरात दोन तट पडले. आईच्या मते मी तीन वर्षं उपाशी राहणार होतो, काकांच्या मते चंगळ करणार होतो. काकांनी तर यादीच हातात ठेवली: राणीची बाग, घारापुरी, शिवाजी मंदिरात नाटक, मरीन ड्राइव्ह. "डॉक्टरकी काय, होईल रे. मुंबई बघून घे!"

मुंबई बघायला सवड लागते. केंद्र सरकारच्या १९९२च्या रेसिडेन्सी योजनेत ती दिलेलीही आहे: सलग बारा तासांपेक्षा जास्त काम सहसा नको, आठवड्याला एक सुट्टी. आमच्या वॉर्डात या नियमाला शिलालेखाचा मान आहे. आदर सगळे करतात, वाचता कोणालाच येत नाही. शिलालेख वाचता येणारे एक डॉक्टर मुंबईत होऊन गेले, भाऊ दाजी लाड. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले. प्रॅक्टिस सांभाळून त्यांनी कोरीव लेख लावले, जुनी नाणी जमवली. "डॉक्टर, नऊ नंबरचं सलाइन आउट झालंय" म्हणून त्यांना रात्री तीनला कोणी उठवत नसावं.

त्यांच्या नावाचं म्युझियम राणीच्या बागेला लागूनच आहे. दोन्ही बुधवारी बंद. आमच्या युनिटची इमर्जन्सी मंगळवारी, म्हणजे जरा मान वर करायला मिळणारा वार बुधवार. त्यामुळे बागेतल्या पेंग्विनांबद्दल मी नुसता ऐकून आहे: चोवीस तास एसी, वेळेवर जेवण, दिमतीला डॉक्टर आणि हक्काची साप्ताहिक सुट्टी. पुढच्या जन्मी कुठली ब्रँच घ्यायची, ते माझं ठरलेलं आहे.

तरीही मुंबई मला बऱ्यापैकी कळली, कारण ती स्वतःच कॅज्युअल्टीत येते. हिंदमाताला पाणी तुंबल्याची बातमी लोक टीव्हीवर बघतात, आम्ही डॉक्सीसायक्लिन किती शिल्लक आहे ते बघतो. त्या पाण्यातून अनवाणी चाललेला माणूस आठवड्या-दहा दिवसांनी लेप्टो घेऊन आमच्याच दारी येणार असतो. दहीहंडीला ऑर्थोच्या वॉर्डात थर लागतात. गणपतीत आमच्या पेशंटांच्या साखरा मोदकांच्या संख्येवर चढतात, आणि विचारलं तर उत्तर एकच: "प्रसादाला नाही कसं म्हणायचं, डॉक्टर?"

राहता राहिली खाद्यभ्रमंती. तिचा मुहूर्त रात्री अडीचचा आणि स्थळ गेटबाहेरची भुर्जीची गाडी. तिथे वॉर्डातले मामा, बंदोबस्तावरचा हवालदार, पेशंटचे नातेवाईक आणि आम्ही एकाच कढईकडे डोळे लावून उभे असतो. एकदा सकाळच्या राउंडला ज्यांना "तेलकट पूर्ण बंद" असं बजावलं होतं, ते आजोबा सलाइनच्या सुईसकट शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी मस्का पाव मागितला, मी डबल भुर्जी. दोघांनीही ओळख दाखवली नाही. डॉक्टर आणि पेशंट यांच्यातला विश्वास म्हणतात तो हाच.

बुधवारी संध्याकाळी सगळं आवरलं की उरतो समुद्र. त्याला साप्ताहिक सुट्टी नसते. माझा को-रेसिडेंट एकदा मरीन ड्राइव्हला जायला दादरहून चर्चगेट लोकलमध्ये बसला. बसायला जागा मिळाली, हाच घात झाला. चर्चगेट आलं, गाडी उलटी फिरली, आणि गर्दीने त्याला जाग आणली तेव्हा बोरिवली आलं होतं. समुद्र हुकला, पण झोप सलग झाली, म्हणून तो आजही त्या संध्याकाळचं वर्णन 'मुंबईतली सर्वोत्तम' असंच करतो. मलाही ते पटतं. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलं, वारा लागला, की माझेही डोळे पहिल्या दहा मिनिटांत मिटतात. लोकांना वाटतं, पोरगा ध्यान करतोय.

तेव्हा वाचकहो, तुमचा भाचा किंवा पुतणी मुंबईत रेसिडेंट असेल, तर "काय काय पाहिलंस?" असं विचारू नका. घरी बोलवा, गरम वरणभात वाढा, पंखा लावा आणि फोन काढून घ्या. नाटकाला न्यायचंच असेल, तर तिकीट शेवटच्या रांगेचं काढा. पहिल्या अंकातलं घोरणं रंगमंचापर्यंत पोहोचू नये, एवढी नटांची कदर आपण केलीच पाहिजे.